आधी पीपीओ वाचा, मग अर्ज भरा: दिवंगत आणि जायबंदी सैनिकांच्या पाल्यांसाठी शिक्षणाच्या सवलती

सातारा-सांगलीकडं फौजेतलं एकही घर नसलेलं गाव शोधावंच लागतं. आपशिंग्याच्या नावाला तर 'मिलिटरी' कायमचंच चिकटलंय. तरीही बारावीचा निकाल लागला की जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या पायरीवर तीच गर्दी आणि तोच गोंधळ दिसतो. कोणी शेवटच्या आठवड्यात डिस्चार्ज बुकची, म्हणजे सेवा संपल्यावर मिळणाऱ्या सैनिकाच्या नोंदपुस्तकाची, झेरॉक्स शोधत असतं. कोणी दुसऱ्याच योजनेचा अर्ज भरून बसलेलं असतं. काहींच्या घरी तर 'ते शहिदांच्या पोरांसाठी असतं, आपल्याला नाही' असं ठरवून कागदच कपाटात ठेवलेले असतात.

गोंधळाचं मूळ एकच आहे. सगळे योजनेपासून सुरुवात करतात. सुरुवात करायची ती सैनिकाच्या कागदांपासून. सैनिक कसा गेला किंवा कसा जायबंदी झाला, हे घरातल्यांना माहीत असतं. पण सरकार ओळखतं ते कागदावर लिहिलेलं. ती नोंद एकदा समजली की कुठला अर्ज आपला आणि कुठला नाही, हे पाच मिनिटांत कळतं.

पीपीओतली ओळ

पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, बाहेर काढा. पेन्शन संरक्षण खात्याच्या 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीवर गेली असेल तर तिथून ई-पीपीओ उतरवून घ्या. त्यावर पेन्शनचा प्रकार लिहिलेला असतो. सैनिक हयात नसेल तर तीनपैकी एक शब्द दिसेल.

'लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन' असेल तर मृत्यू युद्धात किंवा लष्करी कारवाईत झाला, असं सरकारनं मान्य केलेलं आहे. 'स्पेशल फॅमिली पेन्शन' असेल तर मृत्यू सेवेमुळं किंवा सेवेत वाढलेल्या कारणामुळं झाल्याचं मान्य आहे. 'ऑर्डिनरी फॅमिली पेन्शन' म्हणजे साधी कुटुंब पेन्शन. निवृत्तीनंतर घरी मृत्यू झालेल्या बहुतेक सैनिकांच्या पत्नींना हीच असते.

सैनिक हयात आहे पण जायबंदी आहे, तर 'वॉर इंज्युरी पेन्शन' की 'डिसॅबिलिटी पेन्शन' ते पाहा. पहिली कारवाईतल्या जखमेची. दुसरी सेवेमुळं आलेल्या अपंगत्वाची. तिच्यात 'डिसॅबिलिटी एलिमेंट' वेगळा दाखवलेला असतो. नुसती सर्व्हिस पेन्शन असेल आणि अपंगत्वाचा उल्लेखच नसेल, तर गुडघा कितीही दुखत असला तरी शिक्षणाच्या योजनांपुरते ते 'माजी सैनिक' एवढेच.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. सेवेत असताना मृत्यू झाला म्हणजे तो आपोआप 'सेवेमुळं' झाला, असं धरत नाहीत. रजेवर गावी असताना अपघात झाला, हृदयविकाराचा झटका आला, अशा प्रकरणांत कारणाचा सेवेशी संबंध जोडला गेला नाही तर साधी कुटुंब पेन्शन मंजूर होते. तो निर्णय चुकीचा वाटत असेल तर त्याविरुद्ध अपील करता येतं. पुढं सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठापर्यंत जाता येतं. हे काम वेळ खातं. तोवर मुलांच्या शिष्यवृत्तीचा अर्ज अडवून ठेवू नका. आज जो प्रवर्ग कागदावर आहे त्यातून अर्ज टाका.

आपल्या भागात आणखी एक गुंता नेहमीचा आहे, डीएससीचा. पेन्शनीवर येऊन पुन्हा डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये गेलेल्या सैनिकाची डिस्चार्ज बुकं दोन असतात, आणि काही वेळा पीपीओही दोन. मृत्यू किंवा दुखापत डीएससीच्या सेवेत झाली असेल तर प्रवर्ग ठरतो तो डीएससीच्या कागदांवरून, आणि त्यांचं रेकॉर्ड ऑफिस, म्हणजे सैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणारं कार्यालय, आहे केरळात कन्नूरला. जुन्या रेजिमेंटला पत्रं पाठवत बसलात तर उत्तर येईल, पण उपयोगाचं येणार नाही. अर्जाला दोन्ही बुकं जोडा.

नाव, आडनाव, जन्मतारीख

अर्ज परत येण्याची सगळ्यात मोठी कारणं पात्रतेची नसतात, स्पेलिंगची असतात. डिस्चार्ज बुकात मुलांची नावं आणि जन्मतारखा असतात, त्या सेवेत असताना निघालेल्या 'पार्ट टू ऑर्डर'वरून, म्हणजे पलटणीच्या कुटुंब-नोंदीच्या आदेशावरून आलेल्या. पलटणीतल्या क्लार्कनं ऐकून लिहिलेलं नाव आणि गावच्या शाळेत घातलेलं नाव जुळेलच असं नाही. बुकात 'पिंटू', दाखल्यावर 'प्रथमेश'. बुकात आईचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. जन्मतारीख शाळेत घालताना जून धरून घातलेली आणि बुकात खरी.

दहावीच्या सुट्टीतच हे चार कागद शेजारी ठेवून वाचा: डिस्चार्ज बुक, पीपीओ, दहावीचं प्रमाणपत्र, आधार. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव आणि जन्मतारीख या चार गोष्टी अक्षर-अक्षर जुळवा. इंग्रजी स्पेलिंगही पाहा; एका ठिकाणी 'बाळू' आणि दुसरीकडं 'बाळासाहेब' असेल तर संगणक त्याला दोन माणसं समजतो.

आधारमधली चूक सगळ्यात लवकर दुरुस्त होते, तिथून सुरुवात करा. डिस्चार्ज बुकातली चूक रेकॉर्ड ऑफिसकडूनच दुरुस्त होते. बुकावर स्वतः किंवा ओळखीच्या माणसाकडून पेन लावू नका. खाडाखोड दिसली की पडताळणी तिथंच थांबते. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवा. सोबत जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि प्रतिज्ञापत्र. डिस्चार्जनंतर जन्मलेल्या मुलाचं नाव बुकात नसणारच. त्याची नोंदही याच वाटेनं करून घ्यायची.

पत्ता चुकू नये म्हणून: मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, रणगाडा दलाचं अहिल्यानगरला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं (यंत्रं-उपकरणांची दुरुस्ती बघणारी शाखा) सिकंदराबादला. नौदलाच्या खलाशांचे कागद मुंबईत मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्सकडं, हवाई दलाचे दिल्लीत सुब्रतो पार्कला. पत्रात आर्मी नंबर, हुद्दा, पूर्ण नाव आणि डिस्चार्जची तारीख पहिल्याच ओळीत लिहा. आर्मी नंबर नसलेलं पत्र तिथं शोधायचं कशावरून?

जिल्हा कार्यालयात कुटुंबाची नोंदणी आणि ओळखपत्र झालेलं नसेल तर तेही आत्ताच करून घ्या. वीरपत्नी आणि माजी सैनिकांच्या पत्नी यांना स्वतःच्या नावाचं ओळखपत्र मिळतं. पती गेल्यावर त्यांच्या जुन्या कार्डावर काम चालवू नका. कार्यालयाचे कल्याण संघटक तालुक्यांना फिरतीवर असतात. जत, आटपाडी किंवा पाटणच्या टोकाच्या गावातून जिल्ह्याला खेपा घालण्याआधी आपल्या तालुक्याला ते कोणत्या दिवशी येतात, ते फोन करून विचारा.

कारवाईत गेलेल्या, बेपत्ता किंवा कायम जायबंदी सैनिकांची मुलं

लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन किंवा वॉर इंज्युरी पेन्शन असलेल्या घरांसाठी सगळ्यात मोठी सवलत शिष्यवृत्तीची नव्हे, खर्च भरून मिळण्याची आहे. संरक्षण मंत्रालयाची ही शिक्षण सवलत १९७२ पासून चालू आहे. शाळा-कॉलेजची शिकवणी फी, वसतिगृहाचा खर्च, पुस्तकं, गणवेश यांची भरपाई पदवीपर्यंत मिळते. २०१७ मध्ये फी आणि वसतिगृह मिळून महिन्याला १०,००० रुपयांची मर्यादा घातली होती. त्यावर बरीच ओरड झाली आणि मार्च २०१८ मध्ये ती उठवली. अजूनही काही ठिकाणी जुन्या मर्यादेचा कागद दाखवला जातो, म्हणून हे साल लक्षात ठेवा.

यात फसतं ते पावत्यांवर. पैसे आधी भरायचे आणि मग मागायचे, अशी ही पद्धत. त्यामुळं पावती संस्थेच्या छापील नमुन्यात, मुलाच्या नावावर, शैक्षणिक वर्ष लिहिलेली आणि फीचे भाग वेगळे दाखवलेली हवी. 'एकूण फी' म्हणून एकच आकडा असलेली पावती आणली तर त्यातली शिकवणी फी किती, हे विचारणारं पत्र येतंच. कॅपिटेशन फी आणि अनामत रक्कम धरत नाहीत. खासगी क्लासचे पैसेही नाहीत. नीट किंवा जेईईच्या क्लासची पावती जोडून काही होत नाही. संस्था मान्यताप्राप्त असली पाहिजे आणि मुख्याध्यापकांचा किंवा प्राचार्यांचा सही-शिक्का हवा.

मागणी रेकॉर्ड ऑफिसमार्फत जाते. दरवर्षी नव्यानं करावी लागते. एक फाईल करून तिच्यात वर्षवार पावत्या लावून ठेवल्या तर दोन भावंडांच्या कागदांची सरमिसळ होत नाही.

पंतप्रधान शिष्यवृत्ती: जास्त लोकांना लागू, जास्त लोकांची चुकते

केंद्रीय सैनिक बोर्डाची ही योजना. दरवर्षी ५,५०० नव्या शिष्यवृत्त्या, निम्म्या मुलींना आणि निम्म्या मुलांना. मुलींना महिन्याला ३,००० रुपये, मुलांना २,५००. पैसे वर्षाचे एकदम येतात, म्हणजे ३६,००० किंवा ३०,०००. चार वर्षांच्या इंजिनिअरिंगला मुलीचे १,४४,००० होतात. सैनिकाची पत्नी स्वतः शिकत असेल आणि पती हयात नसतील तर तीही अर्ज करू शकते; हे फारच थोड्या जणींना माहीत असतं.

प्राधान्यक्रम सहा आहेत. पहिला कारवाईत मृत्यू आलेल्यांचा. दुसरा कारवाईत जायबंदी होऊन घरी आलेल्यांचा. तिसरा सेवेमुळं मृत्यू आलेल्यांचा. चौथा सेवेमुळं अपंगत्व आलेल्यांचा. पाचवा शौर्यपदक मिळालेल्यांचा. सहावा बाकी माजी सैनिकांचा, आणि तोही फक्त अधिकारी हुद्द्याच्या खालच्यांचा. आता वर पीपीओत वाचलेला शब्द इथं आणून लावा. लिबरलाइज्ड म्हणजे पहिला, वॉर इंज्युरी म्हणजे दुसरा, स्पेशल म्हणजे तिसरा, डिसॅबिलिटी म्हणजे चौथा. सहाव्यात गर्दी सगळ्यात जास्त, तिथं गुणांवर गाळणी लागते. चौथ्यात बसणारं घर अज्ञानानं सहाव्यातून अर्ज भरतं आणि मग 'आमचं नाव आलं नाही' म्हणतं. हे टाळता येण्याजोगं नुकसान आहे.

पात्रता परीक्षेत किमान ६० टक्के हवेत. पात्रता परीक्षा म्हणजे ज्या गुणपत्रकावर प्रवेश मिळाला ती: बारावी, पदविका किंवा पदवी. बीएडला गेला असाल तर पदवीचे गुण बघतात, बारावीचे नव्हे. बारावीचे टक्के काढताना पीसीएम किंवा पीसीबी गटाचे काढू नका. सीईटीच्या सवयीनं मुलं हे हमखास करतात. पूर्ण गुणपत्रक धरायचं: ६०० पैकी ३६०. ३५९ आले तर पूर्णांक होईल या आशेवर राहू नका.

अभ्यासक्रम व्यावसायिक किंवा तांत्रिक हवा आणि पहिलीच व्यावसायिक पदवी हवी: बीई, बीटेक, एमबीबीएस, बीडीएस, बीफार्म, बीएड, बीबीए, बीसीए असे. साधं बीए, बीकॉम, बीएस्सी यात येत नाही. पदव्युत्तरमध्ये फक्त एमबीए आणि एमसीए. दूरशिक्षण आणि परदेशातलं शिक्षण नाही. अर्ज पहिल्या वर्षाला असतानाच करायचा. पहिलं वर्ष असंच गेलं आणि दुसऱ्या वर्षी आठवण झाली, तर नवा अर्ज घेत नाहीत.

अर्ज केंद्रीय सैनिक बोर्डाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरायचा. तीन जोडपत्रं आधी छापून घ्या. पहिल्यावर जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्यांची सही, दुसरं कॉलेजचं बोनाफाईड, तिसरं बँकेचं. क्रम असा ठेवा: कॉलेजचं आधी, कारण प्रवेशाच्या धांदलीत तिथंच सगळ्यात जास्त दिवस जातात, मग बँक, मग जिल्हा कार्यालय. कॉलेजच्या नुसत्या साध्या बोनाफाईडवर भागत नाही, जोडपत्राच्या नमुन्यातच हवं. त्यावर अभ्यासक्रमाचा कालावधी आणि प्रवेशाची तारीख भरलेली आहे का, ते खिडकी सोडण्याआधी पाहा. कुठं खाडाखोड झाली तर तिथं सही-शिक्का घ्या.

बँकेचं खातं विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावावर, एकट्याचं आणि आधारशी जोडलेलं हवं. आपल्याकडं घरचे व्यवहार पतसंस्थेत किंवा विकास सोसायटीच्या शेजारच्या बँकेत असतात. तिथलं खातं देऊ नका, राष्ट्रीयीकृत बँकेत काढा. आधार 'जोडलंय' आणि आधार सरकारी रकमेसाठी 'सीड केलंय' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बँकेत विचारताना 'डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) सीडिंग झालंय का' असंच विचारा. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं निष्क्रिय होतं. दहावीला शिष्यवृत्तीसाठी काढलेलं आणि नंतर विसरलेलं खातं घातलं की पैसे आले तसे परत जातात.

कागद स्कॅन करताना मूळ प्रतच ठेवा, झेरॉक्स नव्हे. डिस्चार्ज बुकाचं पहिलं पान आणि कुटुंबाचं पान, दोन्ही. मोबाईलनं काढलेल्या फोटोत बोट किंवा सावली आली तर तेवढ्यासाठीही अर्ज परत येतो.

'सबमिट' दाबलं म्हणजे काम झालं नाही. अर्ज आधी जिल्हा कार्यालयाकडं जातो, मूळ कागद दाखवावे लागतात. तिथून पुण्याला राज्याच्या सैनिक कल्याण विभागाकडं, मग दिल्लीला. यातल्या कुठल्याही टप्प्यावर त्रुटी काढून तो परत तुमच्या लॉगिनमध्ये येऊ शकतो, आणि ठरावीक मुदतीत दुरुस्त केला नाही तर बाद होतो. अर्ज भरून देणाऱ्या सेंटरवाल्यानं स्वतःचा मोबाईल आणि ई-मेल टाकला असेल तर त्रुटीचा निरोप त्यालाच जाणार. स्वतःचा नंबर टाका. पासवर्ड वहीत लिहून घ्या. दर आठवड्याला एकदा लॉगिन करून बघा.

नूतनीकरण दरवर्षी. त्या वर्षी ५० टक्के आणि सगळे विषय सुटलेले हवेत. विद्यापीठ केटी घेऊन पुढच्या वर्षात ढकलतं, म्हणून मुलांना वाटतं आपण पास आहोत. शिष्यवृत्तीच्या लेखी तसं नसतं. सीजीपीए असेल तर त्याचे टक्के करून दिल्याचं कॉलेजचं पत्र जोडा. वेगवेगळ्या विद्यापीठांची सूत्रं वेगळी असतात, स्वतः गुणाकार करून आकडा भरू नका.

सीआरपीएफ, बीएसएफ, आसाम रायफल्सची घरं

ही घरंही आपल्या जिल्ह्यांत पुष्कळ. दिवंगत जवानाच्या पत्नी तालुक्याहून एसटीनं जिल्हा सैनिक कार्यालयात येतात आणि 'तुमचं इथं होत नाही' ऐकून परत जातात. कार्यालयाचा दोष नाही. निमलष्करी दलं गृह मंत्रालयाकडं येतात, संरक्षणाकडं नाही. त्यांच्यासाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती वेगळी आहे, दर तेच, अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर आणि पडताळणी दलाच्या कार्यालयाकडून. ज्या ग्रुप सेंटर किंवा बटालियनकडून पेन्शनचे कागद आले, तिथंच चौकशी करा.

शाळेतल्या मुलांसाठी: हवालदारापर्यंतचं अनुदान

पहिली ते पदवीपर्यंतच्या दोन मुलांसाठी रक्षामंत्री माजी सैनिक कल्याण निधीतून शिक्षण अनुदान मिळतं. हुद्दा हवालदार किंवा समकक्ष आणि त्याखालचा. महिन्याला १,००० रुपये होते. १ नोव्हेंबर २०२५ पासून येणाऱ्या अर्जांना २,००० आहेत. दोन मुलं असतील तर वर्षाला ४८,०००. दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या सैनिकपत्नी, पती हयात नसतील तर, यालाही पात्र आहेत.

यात टक्क्यांची अट नाही, वर्ग उत्तीर्ण झालेला हवा. अर्ज संपलेल्या शैक्षणिक वर्षाचा असतो, चालू वर्षाचा नाही. सातवी पास झाल्याचं गुणपत्रक लावून सातवीचे पैसे मागायचे. इथं मुलगी आठवीत आहे म्हणून आठवीचं बोनाफाईड जोडणारे बरेच असतात. हुद्दा बघताना पगाराची श्रेणी बघू नका. एमएसीपीत, म्हणजे ठरावीक वर्षांच्या सेवेनंतर मिळणाऱ्या वेतनवाढीत, नायब सुभेदाराचं वेतन मिळालं तरी डिस्चार्ज बुकात हवालदार असेल तर हुद्दा हवालदारच.

याच अर्जात इतर शिष्यवृत्ती किंवा शिक्षण भत्ता घेत नसल्याचं लिहून द्यावं लागतं. ते वाचल्याशिवाय सही करू नका. घरात आई नोकरीला असेल आणि तिच्या कार्यालयातून मुलांचा शिक्षण भत्ता मिळत असेल, तर तोही यात येतो. मोठ्या मुलीला पंतप्रधान शिष्यवृत्ती आणि धाकट्या मुलाला हे अनुदान, अशी वाटणी बहुतेक घरांना सोयीची पडते.

राज्याचं काय आहे

महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवर उच्च शिक्षण संचालनालयाची माजी सैनिकांच्या मुलांना शैक्षणिक सवलत आहे. साधं बीए, बीकॉम, बीएस्सी करणाऱ्यांनी ही आधी पाहावी, कारण पंतप्रधान शिष्यवृत्तीत ते बसत नाहीत. अर्ज भरल्यावर तो कॉलेजच्या लॉगिनला जाऊन पडतो. तिथल्या क्लार्कनं पुढं ढकलला नाही तर वर्ष संपतं. महिन्याभरानं शिष्यवृत्ती विभागात जाऊन आपला अर्ज क्रमांक दाखवा. लाजायचं काम नाही.

मुलींसाठी २०२४-२५ पासून आणखी एक वाट उघडली आहे. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या आर्थिक दुर्बल घटक, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ओबीसी मुलींना कॅपमधून, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतला तर शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. सैनिकाच्या कोट्यातून काही नाही मिळालं म्हणून निराश होण्याआधी हे तपासा. वडील आणि आई दोघंही नसलेल्या मुलामुलींनाही ही माफी आहे.

इंजिनिअरिंगसारख्या प्रवेशांत संरक्षण दलाच्या पाल्यांसाठी ५ टक्के जागा असतात, एका संस्थेत जास्तीत जास्त पाच. महाराष्ट्राचे अधिवासी असलेल्या माजी सैनिकांची मुलं 'डिफेन्स-१', सेवेतल्यांची 'डिफेन्स-२', बाहेरून इथं बदलून आलेल्यांची 'डिफेन्स-३'. वैद्यकीयला यांनाच डी-१, डी-२, डी-३ म्हणतात. ठरलेल्या प्रपत्रातलं प्रमाणपत्र जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून घ्यायचं आणि सोबत अधिवास प्रमाणपत्र लागतं. सीईटीच्या अर्जात डिफेन्सच्या पर्यायावर खूण केलेली नसेल तर नंतर कॅपच्या वेळी धावपळ होते. कराडचं शासकीय अभियांत्रिकी किंवा सांगलीचं वालचंद डोळ्यापुढं असेल तर पाच जागांत किती स्पर्धा असते, ते मागच्या वर्षीच्या कटऑफमध्ये बघा. डिफेन्सचा कटऑफ साध्या कटऑफच्या खालीच असतो, असं समजू नका. एखाद्या शाखेत तो दोन-चार जणांवर ठरतो आणि वर्षागणिक उड्या मारतो.

राहण्यासाठी सैनिक कल्याण विभागाची मुलांची आणि मुलींची वसतिगृहं आहेत. साताऱ्याला, सांगलीला प्रवेशाचे अर्ज निकालाच्या दिवसांत निघतात. पती हयात नसलेल्या सैनिकपत्नींच्या आणि अनाथ पाल्यांना प्राधान्य असतं, खर्चातही सवलत असते. खासगी कॉट बेसिसवर वर्षाचे पैसे आगाऊ भरण्याआधी इथं विचारा. वसतिगृहाची मर्यादित जागा जूनच्या शेवटी शिल्लक राहत नाही.

लहान मुलांसाठी साताऱ्यातच देशातली पहिली सैनिक शाळा आहे, २३ जून १९६१ ला सुरू झालेली. प्रवेश सहावीला आणि नववीला, अखिल भारतीय परीक्षेतून. सहावीसाठी ३१ मार्चला वय १० ते १२ हवं, नववीसाठी १३ ते १५. मुलींनाही प्रवेश आहे. जाती-जमाती आणि ओबीसींच्या जागा सोडून उरलेल्यांपैकी २५ टक्के जागा सेवेतल्या आणि माजी सैनिकांच्या पाल्यांना. अर्जात 'डिफेन्स' प्रवर्ग निवडला नाही तर गुण असूनही त्या जागांत धरत नाहीत, आणि निकालानंतर प्रवर्ग बदलून मिळत नाही. सांगलीच्या दक्षिण भागातल्या घरांना बेळगावची राष्ट्रीय मिलिटरी स्कूलही जवळ पडते. तिथं बहुसंख्य जागा जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) आणि जवानांच्या पाल्यांना राखीव असतात; तिची परीक्षा वेगळी, अर्जही वेगळा.

कागदांचा गठ्ठा

हे मूळ आणि प्रत्येकी तीन झेरॉक्स, प्लास्टिकच्या फाईलमध्ये:

डिस्चार्ज बुक, पीपीओ, ओळखपत्र, मृत्यूचा दाखला आणि कारवाईतला मृत्यू असेल तर बॅटल कॅज्युअल्टीचं प्रमाणपत्र, अपंगत्वाच्या बाबतीत मेडिकल बोर्डाचा कागद, आई आणि विद्यार्थी दोघांचं आधार, दहावी-बारावीची गुणपत्रकं, अधिवास आणि उत्पन्नाचे दाखले, विद्यार्थ्याच्या पासबुकचं पहिलं पान, सहा पासपोर्ट फोटो.

अधिवासाचा आणि उत्पन्नाचा दाखला एप्रिलमध्येच काढा. जूनमध्ये महा-ई-सेवा केंद्रांवर अख्खा तालुका उभा असतो आणि दाखला हातात पडेपर्यंत अर्जाची तारीख गेलेली असते. डिस्चार्ज बुक मात्र मूळ स्वरूपात कुणाच्याही हवाली करू नका, अगदी 'दोन दिवसांत देतो' म्हणणाऱ्या ओळखीच्या माणसाच्याही. पडताळणीला दाखवायचं आणि त्याच वेळी परत घ्यायचं. हरवलं तर पोलिसांत तक्रार, मग रेकॉर्ड ऑफिसकडं दुय्यम प्रतीचा अर्ज, आणि त्या दरम्यान मुलाचं पहिलं वर्ष हातातून जातं.